प्रत्यारोपित अवयवाची सहनशीलता जनुकीय मार्करवरून कशी तपासावी

अमळनेर तालुक्यातले एक आप्पा दर तीन महिन्यांनी जळगावला माझ्याकडे रक्त द्यायला येतात. धाकट्या बहिणीची किडनी बसवून त्यांना नऊ वर्षे झाली, क्रिएटिनिन (किडनीचे काम दाखवणारा रक्तातला अंक) १.१ च्या आसपास स्थिर आहे, आणि वर्षभरापासून त्यांचा एकच प्रश्न असतो: "डॉक्टरसाहेब, ती जीननी टेस्ट निघेल शे म्हंतस, मंग आते गोया बंद करी टाकू का?"

प्रश्न भाबडा नाही. रिजेक्शन, म्हणजे शरीराने परका अवयव नाकारणे, टाळण्यासाठी आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या गोळ्यांनी जंतुसंसर्ग आणि काही कर्करोगांचा धोका वाढतो, त्यांपैकी टॅक्रोलिमसने मधुमेह होऊ शकतो, आणि ज्या किडनीच्या रक्षणासाठी ते औषध द्यायचे तिलाच ते वर्षानुवर्षे थोडे थोडे झिजवत असते. काही मोजक्या रुग्णांचे शरीर परका अवयव कोणत्याही औषधाशिवाय स्वीकारते हेही खरे आहे. असे रुग्ण रक्तातील जनुकांच्या खुणांवरून आधीच ओळखता येतील का, यावर गेली दोन दशके काम चालू आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील बहुतेक रुग्णांचे प्रत्यारोपण मुंबई, पुणे, नाशिक किंवा पलीकडे गुजरातेत झालेले असते, पण पुढची रक्ततपासणी मात्र गावाजवळच होते. त्यामुळे अशा संशोधनासाठी नमुना घेण्याची, तो सांभाळण्याची आणि आलेला अहवाल रुग्णाला समजावण्याची वेळ येते ती येथील डॉक्टरांवर आणि लॅबमधील सहकाऱ्यांवर. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी व्याख्या पक्की करावी

सहनशीलता म्हणजे अवयव चांगला चालणे नव्हे. रोगप्रतिकार दाबणारी सर्व औषधे बंद होऊन किमान एक वर्ष झाले आहे, अवयवाचे कार्य स्थिर आहे, रिजेक्शनची चिन्हे नाहीत आणि रुग्ण इतर जंतूंशी नेहमीसारखा लढू शकतो, अशा स्थितीला ऑपरेशनल टॉलरन्स म्हणतात. गोळ्या चालू असताना क्रिएटिनिन उत्तम असलेला रुग्ण 'स्थिर' असतो. तो 'सहनशील' आहे की नाही हे त्या आकड्यावरून कळत नाही. आमच्या आप्पांची गणना आज 'स्थिर' गटात होते.

या कल्पनेचा प्रायोगिक पाया १९५३ सालचा आहे. बिलिंगहॅम, ब्रेंट आणि मेडावर यांनी उंदरांच्या गर्भात परक्या पेशी टोचल्या, आणि ते उंदीर मोठे झाल्यावर त्यांनी त्याच दात्याची त्वचा स्वीकारली. मेडावर यांना १९६० मध्ये बर्नेट यांच्यासह नोबेल मिळाले. माणसात अशी स्थिती मुद्दाम आणण्याचे प्रयत्न दात्याच्या मज्जापेशी देऊन झाले आहेत, आणि त्यात अहमदाबादच्या किडनी इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. एच. एल. त्रिवेदी यांच्या गटाने केलेले काम आपल्याला सर्वांत जवळचे. येथे मात्र आपण आपोआप आलेल्या सहनशीलतेविषयी बोलत आहोत. तिचे किडनीतील बहुतेक ज्ञात रुग्ण दोन वाटांनी सापडले आहेत. काहींनी स्वतःच गोळ्या सोडल्या होत्या, तर काहींची औषधे कर्करोगासारख्या कारणाने डॉक्टरांना थांबवावी लागली होती. ज्यांनी गोळ्या सोडल्या आणि किडनी गमावून डायलिसिसवर परतले त्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी आहे, हे रुग्णाशी बोलताना त्याच वाक्यात सांगावे.

यकृताची गोष्ट वेगळी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात निवडक ९८ प्रौढांची औषधे देखरेखीखाली हळूहळू कमी केली, आणि त्यांपैकी ४१ जणांची पूर्ण बंद करता आली. प्रत्यारोपणाला जितकी अधिक वर्षे झालेली, तितके यश अधिक होते. किडनीच्या रुग्णाला या आकड्यांचा आधार देऊ नये.

हातातला 'जीन रिपोर्ट' नेमका कोणता?

रुग्णाच्या फाइलीत 'जीन' हा शब्द असलेले तीन-चार वेगवेगळे कागद असू शकतात, आणि माझ्या अनुभवात निम्मा घोळ येथेच होतो. पहिला कागद एचएलए टायपिंगचा, म्हणजे आपले-परके ओळखायला शरीर ज्या खुणा वापरते त्यांची जनुके जुळतात का हे पाहणाऱ्या चाचणीचा. ही जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात, आणि सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, अर्धी जुळण्याची दोन आणि अजिबात न जुळण्याची एक असते. पूर्ण जुळणी झाल्यास रिजेक्शनचा धोका कमी होतो, पण त्याला सहनशीलतेचा पुरावा म्हणता येत नाही.

दुसरा कागद औषध पचवणाऱ्या जनुकांचा. सीवायपी३ए५ हे जनुक कार्यक्षम असलेल्या रुग्णाला टॅक्रोलिमसचा डोस साधारण दीड ते दोन पट लागतो. एनयूडीटी१५ किंवा टीपीएमटी या जनुकांत दोष असेल, तर अझाथायोप्रिन या रोगप्रतिकार दाबणाऱ्या औषधाच्या नेहमीच्या डोसनेही पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने घटतात. या चाचण्या आजही उपयोगाच्या आहेत, पण औषध किती द्यावे एवढेच त्या सांगतात. 'जीनवरून औषध कमी लागते असे आले' हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत 'जीनवरून औषध लागत नाही असे आले' होते, म्हणून असा अहवाल देताना अर्थ मराठीत दोन ओळींत लिहून द्यावा.

तिसरा कागद रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या दात्याच्या डीएनएचा. अवयवाच्या पेशी मरू लागल्या की हे प्रमाण वाढते, आणि किडनीत ते एकूण मोकळ्या डीएनएच्या १ टक्क्याच्या वर गेल्यास रिजेक्शनची शंका घेतात. प्रमाण कमी असणे म्हणजे आज इजा नाही, इतकेच. ती इजा गोळ्यांमुळे टळली की सहनशीलतेमुळे, याचे उत्तर या चाचणीपाशी नाही.

सहनशीलतेचे म्हणून जे मार्कर शोधले गेले, ते बहुतांशी चौथ्या प्रकारचे आहेत, म्हणजे जनुकाच्या अभिव्यक्तीचे. रावेर-यावलच्या दोन मळ्यांत एकाच वाणाची ऊतिसंवर्धित केळी लावली तरी पाणी आणि खत यांप्रमाणे घड निराळे येतात. त्याचप्रमाणे जनुकाचा क्रम आयुष्यभर तोच राहतो, पण ते जनुक आज किती काम करत आहे, म्हणजे त्याचा एमआरएनए (जनुकाची आरएनएच्या रूपातली कामाची प्रत) किती बनतो आहे, हे पेशींच्या प्रमाणानुसार, औषधानुसार आणि आजारानुसार बदलते. आपण मोजतो ते हे काम, आणि ते बदलते असल्यामुळेच पुढची सगळी खबरदारी लागते.

२०१० साली अमेरिकी आणि युरोपीय अशा दोन गटांनी किडनीच्या सहनशील रुग्णांच्या रक्तात बी पेशींशी, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींशी, संबंधित जनुके अधिक व्यक्त होतात असे स्वतंत्रपणे दाखवले. अमेरिकी अभ्यासात असे २५ रुग्ण होते आणि आयजीकेव्ही१डी-१३, आयजीकेव्ही४-१ व आयजीएलएल१ या तीन जनुकांवरून ते स्थिर रुग्णांपासून वेगळे काढता आले. यकृताच्या सहनशील रुग्णांच्या रक्तात मात्र नैसर्गिक मारक पेशींची जनुके, तर प्रत्यक्ष यकृताच्या बायोप्सीत लोहाच्या नियमनाची जनुके पुढे आली. म्हणजे एका अवयवाचा संच दुसऱ्याला लावता येत नाही. यकृतातील ती लोहाची खूण पुढे औषध कमी करण्याच्या प्रत्यक्ष चाचणीत वापरली, तेव्हा पुरेशी भरवशाची ठरली नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

कोणाचा नमुना घ्यावा

प्रत्यारोपणाला अनेक वर्षे झालेली, वर्षभरात क्रिएटिनिन न हललेले, लघवीत प्रथिने नगण्य, रिजेक्शनचा अलीकडचा इतिहास नाही आणि दात्याच्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे नाहीत, असा रुग्ण निवडावा. प्रतिपिंडांची तपासणी आधी करून घ्यावी, कारण ती असतील तर जनुकांचा अहवाल कितीही अनुकूल आला तरी त्याचा विचार तेथेच थांबतो.

काही रुग्णांना सरळ वगळावे. रक्तगट न जुळता झालेल्या प्रत्यारोपणात बहुधा रिटुक्सिमॅब दिलेले असते; ते बी पेशीच काढून टाकते, मग बी पेशींच्या खुणा मोजून काय मिळणार? गेल्या काही आठवड्यांत ताप, लसीकरण किंवा रक्त भरणे झाले असेल, तर तारीख पुढे ढकलावी. क्षयाचे उपचार चालू आहेत का हेही विचारावे, कारण रिफॅम्पिसिनमुळे टॅक्रोलिमसची पातळी कोसळते आणि जुन्या डोसवरून काढलेला कोणताही अर्थ चुकतो. आपल्या भागात आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो, तो म्हणजे झाडपाल्याचे औषध. तो आवाज चढवून विचारला तर उत्तर 'नाही' असेच येते. बरोबर आलेल्या वहिनींना किंवा मुलाला बाजूला घेऊन विचारले तर खरे कळते.

नमुना: घेणे, थांबवणे, पाठवणे

आरएनए हा फार नाजूक पदार्थ आहे. साध्या ईडीटीएच्या नळीत घेतलेल्या रक्तात तो तुटत जातो, शिवाय नळीतल्या जिवंत पेशी नवी जनुके चालू करतात, त्यामुळे संध्याकाळी मोजलेले चित्र सकाळच्या शरीराचे राहत नाही. म्हणून आरएनए जागेवर स्थिर करणारी पॅक्सजीन प्रकारची नळी वापरावी.

सकाळची गोळी घेण्यापूर्वी, म्हणजे रात्रीच्या डोसनंतर सुमारे १२ तासांनी रक्त घ्यावे, म्हणजे त्याच सुईतून टॅक्रोलिमसची पातळी आणि सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणीही साधते. इतर नळ्या आधी भराव्यात आणि पॅक्सजीन शेवटी, कारण तिच्यात आधीच द्रव असतो आणि तो उलटा शिरेत जाता कामा नये. हात खाली आणि नळी उभी ठेवावी. ती २.५ मिली रक्त ओढते. ओढ पूर्ण थांबेपर्यंत नळी काढू नये, कारण कमी भरलेल्या नळीत रक्त आणि द्रव यांचे प्रमाण बिघडते. लगेच ती आठ ते दहा वेळा सावकाश उलटसुलट करावी. हलवून फेस आणणारे नवे तंत्रज्ञ मी पाहिले आहेत. लस्सी घुसळायची नसते, नुसते पालथे-उताणे करायचे असते. त्यानंतर नळी किमान दोन तास खोलीच्या तापमानाला उभी ठेवावी.

येथे 'खोलीचे तापमान' म्हणजे १८ ते २५ अंश. भुसावळच्या मे महिन्यात खोलीचे तापमान म्हणजे काय असते, हे मी सांगायला नको. या मर्यादेत नळी तीन दिवस, आणि २ ते ८ अंशांत पाच दिवस चांगली राहते. काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात मी चार नळ्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फाच्या पिशव्या घालून एका पार्सलवाल्याकडे दिल्या. पेटी शनिवारी निघायची ती निघाली नाही, रविवारभर पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली, आणि मंगळवारी पोहोचली तेव्हा पिशव्यांत कोमट पाणी होते. आरएनएच्या शाबूतपणाचा आरआयएन हा अंक १ ते १० मध्ये मोजतात आणि ७ च्या वर हवा असतो; आमच्या चारही नळ्यांचा तीनच्या आत आला. त्यांतल्या एका ताई शहाद्याहून पहाटेच्या एसटीने उपाशीपोटी आल्या होत्या. त्यांना पुन्हा बोलावताना मला जी लाज वाटली, तिच्यामुळे माझे दोन नियम झाले. एक, गुरुवारनंतर नमुना घ्यायचा नाही. दुसरा, मार्च ते जून नळ्या आधी गोठवायच्या आणि कोरड्या बर्फातच पाठवायच्या, किंवा रात्रीच्या गाडीने आपला माणूस बरोबर द्यायचा. गोठवताना नळ्या तारेच्या रॅकमध्ये ठेवाव्यात. थर्मोकोलच्या साच्यात उभ्या गोठवल्यास त्या तडकतात. आधी उणे २० अंशांत एक दिवस आणि मग उणे ७० अंशांत, हा क्रम पाळावा.

नळीबरोबरच्या कागदावर रक्त घेतल्याची वेळ, शेवटच्या गोळीची वेळ, सर्व औषधे व डोस, आणि गोठवल्याची वेळ लिहावी. नाव लिहू नये. फक्त सांकेतिक क्रमांक लिहावा.

लॅबमध्ये काय होते, आणि अंक कसा वाचावा

आरएनए वेगळा काढून त्याची सीडीएनए ही डीएनए-प्रत बनवतात आणि रिअल टाइम पीसीआरवर हवे ते जनुक मोजतात. हे तंत्र कोविडमुळे आता जिल्ह्याच्या लॅबलाही परके राहिलेले नाही, पण कोविडमध्ये 'आहे की नाही' पाहायचे होते आणि येथे 'किती' पाहायचे आहे, त्यामुळे शिस्त अधिक लागते. प्रत्येक नमुना तीनदा लावावा, सीडीएनए न बनवलेला एक नियंत्रण नमुना ठेवावा म्हणजे डीएनएची भेसळ कळते, आणि सोबत एक स्थिर संदर्भ-जनुक मोजावे.

समजा सहनशीलतेच्या एका जनुकाचा सीटी (पीसीआरच्या कितव्या चक्रात ते दिसू लागले तो अंक) २७ आला आणि संदर्भ-जनुकाचा २२, फरक ५. औषधांवर स्थिर असलेल्या रुग्णांच्या गटात हाच फरक सरासरी ८ आहे. सीटी एकाने कमी होणे म्हणजे एमआरएनए दुप्पट असणे, म्हणून तीनचा फरक म्हणजे दोनचा तीनदा गुणाकार, अर्थात आठपट अधिक अभिव्यक्ती. अहवालात सहसा अशा अनेक जनुकांचे अंक वजन देऊन एकत्र केलेला एक गुण असतो. तो गुण ज्या लॅबने, ज्या यंत्रावर, ज्या लोकसमूहात ठरवला, त्यापलीकडे त्याची उंबरठ्याची रेषा जशीच्या तशी वापरू नये. आजवरचे बहुतेक संच युरोप-अमेरिकेतील रुग्णांवर बेतलेले आहेत. आपल्याकडे ते वापरायचे, तर आपल्याच भागातील स्थिर रुग्णांचा आणि निरोगी व्यक्तींचा तुलनागट आधी मोजावा लागेल.

आठपट हा आकडा डोळ्यांत भरतो, पण तो दोन अगदी साध्या कारणांनीही येऊ शकतो. रुग्णाच्या रक्तात मुळातच बी पेशी जास्त असतील, तर बी पेशींचे प्रत्येक जनुक जास्तच दिसणार. म्हणून सीबीसी आणि फ्लो सायटोमेट्रीवरील (पेशी प्रकारवार मोजण्याच्या तंत्रावरील) बी पेशींची मोजणी शेजारी ठेवूनच अंक वाचावा. दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन यांनी कोवळ्या बी पेशी घटतात. सहनशील रुग्ण औषधे घेत नाहीत आणि तुलनेतील स्थिर रुग्ण घेतात; मग दोघांत दिसलेला फरक सहनशीलतेचा की नुसत्या औषध नसण्याचा? हा प्रश्न संशोधकांनी स्वतःच उपस्थित केला, आणि २०१६ मध्ये औषधांचा परिणाम वजा करून नऊ जनुकांचा निराळा संच मांडला. म्हणून आपल्या हातातला संच औषधांचा हिशेब धरून केलेला आहे का, हे लॅबला लेखी विचारावे. उत्तर गोलमोल आले, तर अहवाल फाइलीला लावावा आणि त्यावरून काहीही ठरवू नये.

एमआरएनएच्या कटकटीतून सुटण्याचा एक मार्ग फॉक्सपी३ जनुकावरील मिथाइल खुणा, म्हणजे डीएनएला चिकटलेले छोटे रासायनिक गट, मोजण्याचा आहे. खऱ्या नियामक टी पेशींत, म्हणजे रोगप्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींत, या जनुकाचा ठरावीक भाग मिथाइलमुक्त असतो, आणि डीएनए टिकाऊ असल्यामुळे साधी ईडीटीए नळी चालते. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि स्त्रियांत एक एक्स निष्क्रिय असतो, म्हणून स्त्रियांचा अंक दुप्पट करून वाचायचा असतो. तो केला आहे की नाही, हे अहवालावर शोधावे.

अनुकूल निकालाचा अर्थ

येथे पाटी-पेन्सिल घेऊन बसावे. केवळ हिशेबासाठी धरू, की किडनीच्या १,००० स्थिर रुग्णांत ५० खरोखर सहनशील आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. ५० पैकी ४५ जण ती बरोबर पकडेल. उरलेल्या ९५० पैकी १० टक्के, म्हणजे ९५ जणांनाही ती चुकून सहनशील म्हणेल. अनुकूल निकाल आलेले एकूण १४०, त्यांत खरे ४५; म्हणजे तिघांत एकसुद्धा पुरता नाही. या १४० जणांनी गोळ्या सोडल्या, तर ९५ जणांच्या किडनीवर हल्ला होईल. आप्पांना मी हाच हिशेब कागदावर करून दाखवला. त्यांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, बहिणीला दाखवतो.

म्हणून अनुकूल अहवाल आल्यावर रुग्णाला गोळ्यांबद्दल काहीही बदल सांगू नये. तीन ते सहा महिन्यांनी त्याच लॅबमधून, त्याच पद्धतीने चाचणी पुन्हा करावी. दोन्ही निकाल जुळले, तर प्रत्यारोपण केंद्राला पत्र लिहावे. त्यात दोन्ही गुण, औषधपातळी, प्रतिपिंडांचा अहवाल आणि दोन वर्षांचे क्रिएटिनिन तारखांसह द्यावे. औषध कमी करण्याचा निर्णय केंद्राचा, आणि तोही नीतिसमितीने मान्य केलेल्या, सीटीआरआय या देशाच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत नोंदवलेल्या चाचणीतच घ्यायचा असतो, कारण तेथे बायोप्सीची आणि पहिल्या शंकेला उपचार सुरू करण्याची सोय असते. क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीचे बरेच नुकसान झालेले असते, म्हणून घरबसल्या 'थोड्या कमी करून पाहू' हा प्रकार कडकपणे थांबवावा.

संमतिपत्र मराठीत असावे. अहिराणी, भिलोरी किंवा पावरी बोलणाऱ्या कुटुंबाला ते त्यांच्या बोलीत वाचून दाखवावे आणि वाचणाऱ्याची सही घ्यावी. दाता जवळचा नातेवाईक असेल, तर जनुकीय तपासणीतून नात्याविषयी अनपेक्षित गोष्ट उघड होऊ शकते. ती कळवायची की नाही, हे रक्त घेण्यापूर्वी दोघांना वेगवेगळे बसवून विचारावे आणि लिहून ठेवावे. पुढच्या नमुन्याची तारीख देताना पंचांग पाहावे. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात लेकी माहेरी येतात, जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा चुकतात, ऊन ४५ अंशांकडे सरकलेले असते; ती तारीख देऊ नये.